नुमाईशीत मांडलेली गजराबाई

लढाई थांबली त्या सालची गोष्ट. दिवाळी सरली आणि कळंबच्या बायकांच्या तोंडी एकच विषय झाला, यंदा कुठली नुमाईश बघायची? थंडीच्या दिवसांत हातकामाची ही प्रदर्शनं तीन ठिकाणी भरणार असं सांगत होते. पहिली आमच्या कळंबच्या शाळेत, मग धाराशिवला, आणि तिसरी कुणी लातूरला म्हणे, कुणी बीडला. जिनं जन्मात एकही नुमाईश बघितली नव्हती तीच छातीठोकपणे सांगे की धाराशिवचीच बघा बाई, तिथं बिजलीचे दिवे असतात. मला कुणी विचारलं असतं तर मी कळंबची सांगितली असती. कारण तिथं आमच्या गजराबाईचं चित्र होतं. पण लोकांनी चित्र कमी आणि तिलाच जास्त बघितलं. असं का झालं, ते मला अजून नीट उलगडत नाही. माझ्या रोजच्या वहीत त्या दिवसांचं लिहिलेलं खोडलं आहे, खोडलेलं पुन्हा लिहिलं आहे. आता सरळ सांगून बघते.

गजराबाई धनगरगल्लीतली. घरं लिंपायची, सारवायची, आणि त्यावर पोट. पण तिची खरी ओळख श्रावणातली. पंचमीच्या आदल्या दिवसापासून ती गेरूचं मडकं आणि काजळाची वाटी घेऊन घरोघर फिरे आणि भिंतीवर नाग काढी. एका बोटानं एका दमात नागाचं अंग ओढायची, बोट मध्ये उचलायची नाही. वेटोळ्याच्या आत नऊ पिल्लं, बाजूला नांगर, विंचू, पाळणा, आणि एक बाई डोक्यावर लाह्यांची पाटी घेऊन. माझी ओली भिंत बघून ती म्हणायची, "अक्का, भिंत जागी झाली बघा, आता बसतोय त्यो." मी लिंगपूजा आटोपून विभूती लावून बसे आणि ती काढते ते बघत राही. माझा जप चुकायचा. शिवाला मी तेवढ्यापुरतं सांगून ठेवत असे की आज माफ कर.

पंचमीचा नाग सुवाशिणीच्या हातचाच लागतो. गजराबाईच्या कपाळाला मोठं कुंकू होतं, गळ्यात डोरलं होतं. पण नवरा घरी नव्हता. त्याचं नाव बब्रुवान. मेंढरं रोगानं गेली तेव्हा तो सोलापूरला गिरणीत गेला, तिथून मुंबईला, आणि मुंबईहून पलटणीत. एकानं सांगितलं, बसऱ्याला बघितला. दुसऱ्यानं सांगितलं, ब्रह्मदेशात. दोघांनीही ते तिसऱ्याच कुणाकडून ऐकलं होतं. लढाई थांबली, आसपासच्या गावांतली माणसं परत येऊ लागली. बब्रुवान आला नाही, आणि येणार नाही असंही कुणी सांगितलं नाही. काही बायका आडून बोलत. पण पंचमीला बोलावणं सगळ्यांचंच येई, कारण तिच्यासारखा नाग दुसरीला येत नव्हता.

त्याआधी नुमाईशीची पहिली दवंडी पिटली तेव्हाही घोळच झाला. कोतवाल बाजाराच्या तोंडाशी ओरडला आणि आमच्या गल्लीला 'पैमाईश' ऐकू आलं. पैमाईश म्हणजे जमिनीची मोजणी. तिच्यामागं सारा येणार, लेव्हीची धान्यवसुली येणार, हे पोराटोरालाही ठाऊक. आमचे घरचे, म्हणजे माझे यजमान, अर्धी भाकरी ताटात टाकून उठले आणि दुकानातली पोती मागच्या खोलीत सरकवू लागले. शेजारची रजियाबी परड्याच्या भिंतीवरून डोकावली.

"काय चाललंय उमाक्का? घर बदलायले का?"

"पैमाईश आलीय म्हणं."

ती इतकी हसली की भिंतीवरची चिमणी उडाली. "अगे मायी, पैमाईश नै, नुमाईश! नुमाईश बोले तो तमाशा, बघायचा. तुमची जमीन कोन मोजायला येतंय? हातचं काम मागायलेत, कशिदा, चित्रं, मातीकाम. शाळेत मांडनार हायेत."

आमचे घरचे पोतं धरून उभे होते. "बघायला मागतेत म्हणजे परत देतेत का?" त्यांनी मला विचारलं. रजियाबीला ते थेट विचारत नसत.

"सांग त्यास्नी, चित्रावर लेव्ही न्हाई बसत!" ती भिंतीपलीकडून म्हणाली.

रजियाबी कुराण वाचायची, छापील उर्दूही वाचायची. सरकारी कागद सगळे उर्दूत, म्हणून आमच्या गल्लीत कागद आला की तिच्याकडंच जाई. नुमाईशीचं काम बघणारे चाँदपाशा मास्तर हैदराबादेहून बदलून आलेले होते, शाळेत चित्रकला शिकवायचे. रजियाबीनं त्यांच्या बायकोला गजराबाईच्या नागाचं सांगितलं, आणि मास्तर एक दिवस आमची भिंत बघायला आले. श्रावणातला नाग अजून पुसट दिसत होता. मास्तर बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ये चाहिए." भिंत कशी नेणार, ते त्यांनाही सुचेना.

शेवटी गजराबाईनंच वाट काढली. आमच्या दुकानात धान्य ठेवायचे बांबूचे तट्टे होते. त्यातला एक तिनं मागून घेतला, त्यावर शेणमातीचं लिंपण केलं, वरून चुना दिला. पण पंचमी नसताना नाग काढावा का? मला भीती वाटली. मी मठात जाऊन जंगमस्वामींना विचारलं. ते म्हणाले, "नाग म्हणून काढू नये. चित्र म्हणून काढावा." मी वाटभर तेच घोळवत घरी आले. बोट तेच, गेरू तोच, वेटोळं तेच. मग कुठं फरक पडतो? गजराबाईला सांगितलं तर ती जराही थांबली नाही. "मग डोळं काढत न्हाय. डोळं काढलं की त्यो येऊन बसतोय. तवर नुसतीच रांगोळी." आणि तिनं तसंच केलं.

चित्र शाळेत पोचवायला आम्ही तिघी गेलो. मास्तर मेजाशी बसून ज्याच्या-त्याच्या वस्तूला लावायच्या चिठ्ठ्या उर्दूत लिहीत होते. समोर गर्दी होती, कोण मातीचा बैल घेऊन, कोण कशिद्याची उशी घेऊन.

"नाम?"

"गजराबाई."

"शौहर का नाम?"

रजियाबीनं सांगितलं, "नवऱ्याचं नाव इचारतेत." गजराबाईनं मान खाली घातली आणि नुसती हलवली. नवऱ्याचं नाव कोण बाई घेते? मीही घेत नाही, या वहीतही लिहीत नाही.

"नहीं?" मास्तरांनी विचारलं.

तिनं पुन्हा मान हलवली. मागून कुणीतरी बाप्या ओरडला, "बब्रुवान, मास्तर, बब्रुवान!" मास्तरांनी बोरू दौतीत बुडवून लिहिलं आणि चिठ्ठी तट्ट्याच्या खालच्या कोपऱ्याला खळीनं चिकटवली. लिंपण अजून आतून ओलं होतं. आम्हाला त्यात काहीच वावगं दिसलं नाही.

नुमाईश उघडली आणि पहिल्याच दिवशी बायकांचा घोळका गजराबाईच्या तट्ट्यापुढं अडला. काहींनी वहाणा बाहेर काढून हात जोडले. काही म्हणाल्या, अगं चित्र आहे ते. एकीनं लाह्या आणल्या होत्या, त्या ओच्यातच राहिल्या. कुणी म्हणे डोळे विसरली, कुणी म्हणे नाग झोपलेला आहे. मी स्वतः अर्धा नमस्कार केला आणि मध्येच हात खाली घेतला. देवालयात जावं तसं जावं की बाजारात जावं तसं, हेच कुणाला कळत नव्हतं. गजराबाई मात्र कोपऱ्यात पदर तोंडाला लावून खुशीत हसत होती. तिनं तोवर आपलं काम असं दुरून कधी बघितलंच नव्हतं. भिंतीला नाक लावून काढायचं आणि पुढच्या घरी जायचं, एवढंच.

तेवढ्यात तहसिलीचा चपराशी गफार आला. बायकांना वाचता येत नाही म्हणून तो ऐटीत एकेक चिठ्ठी वाचून दाखवत होता. हा बैल अमक्याचा, ही उशी तमकीची. तट्ट्यापुढं वाकून त्यानं वाचलं, "गजराबाई, बेवा बब्रुवान."

बेवा म्हणजे काय ते आमच्याकडं सगळ्यांना कळतं. जमिनीच्या कागदात विधवेच्या नावापुढं तो शब्द असतोच.

प्रेमाबाईनं हातच तोंडावर ठेवला. ती आमच्याच गल्लीतली, वयानं मोठी, आणि पंचमीला तिच्या दारचा नाग पहिला निघावा असा तिचा हट्ट. "अगं बया! बेवा?"

"मेली ग माझी जीभ, म्या न्हाय बोललो, चिठ्ठी बोलली," गफार म्हणाला आणि सटकला.

"चिठ्ठी कशी चुकंल?" प्रेमाबाई म्हणाली. "सरकारी हाय ती. पलटणीचा कागूद कुणाकडं येतो? सरकारकडं. सरकारला ठाव असंल तवाच लिवलं न्हवं?"

हे बोलणं सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. सरकारला आमच्या घरात किती पोती आहेत ते कळतं, तर बब्रुवानाचं का कळू नये?

गजराबाईचा हात डोरल्यावर गेला. ती रडली नाही. माझ्याकडं वळून म्हणाली, "अक्का, सरकारला कळलं आन् मला न्हाय?"

मी रजियाबीला हाक मारली. ती वाकली, चिठ्ठीला डोळे लावले. "बीवी," ती म्हणाली. मग म्हणाली, "नै, थांबा. बेवा... बीवी... या अल्ला." ती उभी राहिली. "उमाक्का, दोन्ही लफ्ज सारखेच लिव्हतेत. बीवी बोले तो बायको. फरक शेवटच्या अक्षराचा. एकाला शेपूट, दुसऱ्याला गाठ. आन् इथं बघा, गाठ हाय का शेपूट हाय, शाईचा नुसता डाग झालाय." लिंपणाची ओल कागदात चढली होती आणि नेमकी तिथंच शाई फुटली होती.

"म्हणजे काय लिहिलंय?" मी विचारलं.

"माज्या डोळ्यांना बीवी दिसतंय. पर मी गजराला वळखते, म्हणून दिसत असंल."

प्रेमाबाई म्हणाली, "रजियाबी, तुमी छापील वाचता. गफार कचेरीत रोज हातचं वाचतो."

हेही खरंच होतं. आता काय करावं? ज्यानं लिहिलं त्यालाच विचारावं म्हणून आम्ही मास्तरांकडं गेलो. मागून सगळा घोळका. गजराबाई पुढं होती. तिनं मास्तरांना विचारलं ते माझ्या कानात अजून आहे. "मास्तर, कुनी सांगितलं तुमाला? कुठं पडला त्यो? तेवढं तरी सांगा, म्या काय म्हननार न्हाय."

मास्तर रजियाबीकडं बघू लागले. रजियाबीनं सगळं सांगितलं, तसा त्यांचा चेहरा उतरला. "मुझे क्या मालूम, बाई? मैं ड्राइंग का मास्टर हूँ. पलटन से मेरा क्या वास्ता?"

"मग लिव्हलं काय तुमी, बीवी का बेवा?" रजियाबीनं विचारलं.

मास्तर तट्ट्यापाशी आले. चश्मा वर केला, खाली केला. "बीवी है. नहीं, ठहरो." त्यांनी स्वतःचंच अक्षर बोटानं चाचपून पाहिलं. बोटाला शाई लागली आणि होतं नव्हतं तेही पुसलं. "इतने नाम लिखे उस दिन. मैंने पूछा, शौहर का नाम? इन्होंने सर हिलाया. मैंने पूछा, नहीं? फिर सर हिलाया. तो मैं समझा कि..." ते थांबले. "या शायद नहीं समझा. याद नहीं आता."

"तिनं नाव घ्यायला नको म्हटलं हो मास्तर," मी पदर सावरून बोलले. परक्या पुरुषाशी मी तोवर बोलले नव्हते. "आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत."

रजियाबीनं ते त्यांना समजावलं. मास्तरांनी कपाळावर हात मारला. "तो ऐसा बोलना था!" आणि मग त्यांनी खिशातून कोरी चिठ्ठी काढली. "दूसरी लिखता हूँ. मगर अब मैं सुनी-सुनाई पर नहीं लिखूँगा. बाई ख़ुद ज़बान से बोले, मैं वही लिखूँगा."

"काय बोलायचं?" गजराबाईनं विचारलं.

"नवऱ्याचं नाव बोलायचं," रजियाबी म्हणाली. "आन् हाय का न्हाई, तेबी."

आता खरा पेच पडला. नाव घ्यावं तर रीत मोडते. न घ्यावं तर सरकारच्या चिठ्ठीवर आणि गावाच्या तोंडावर तो डाग तसाच राहतो. पुढच्या पंचमीला तिला दारात कोण उभं करणार? आणि पंचमीचं राहू द्या, सकाळी उठून कुंकवाला हात लावताना ती स्वतः काय समजणार होती? आणि 'हाय' म्हणायचं तर कशाच्या जोरावर? घोळक्यातल्या बायका तिच्या तोंडाकडं बघत होत्या. मी मनात शिवाचं नाव घेत होते, पण काय मागावं ते मला सुचत नव्हतं. ती खरं बोलो, असं मागावं? पण खरं काय, हे त्या शाळेत कुणाला ठाऊक होतं?

गजराबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला. दोन्ही हात पोटाशी धरले आणि मास्तरांकडं पाठ करून तट्ट्याकडं तोंड केलं. लग्नात दारात अडवलेली नवरी उभी राहते तशी. मग मोठ्यानं म्हणाली,

"मातीच्या तट्ट्यावर गेरूचा नाग,
बब्रुवानरावांचं नाव घेते, पुसंल त्याला सांग!"

मग मागून एक म्हातारी ओरडली, "घेतलं ग, घेतलं! नाव घेतलं पोरीनं!" आणि बायका अशा हसू लागल्या, अशा डोळे पुसू लागल्या, की कोण हसतंय आणि कोण रडतंय ते समजेना. उखाण्यात नाव घ्यायला कुणाची ना नाही. पण उखाणा घेते ती सुवाशीणच.

मास्तर बावचळून उभे होते. "ये शेर किसका है?"

"तिचाच हाय, आत्ताच केलाय," रजियाबी म्हणाली. "मास्तर, बाईनं खाविंदाचं नाव घेतलं. आता लिव्हा."

"मगर वो ज़िंदा है ना?"

रजियाबीनं कमरेवर हात ठेवला. "तुमी बोलले, जबान से बोले सो लिखूँगा. बेवा असती तर ऐसा नाव घेतली असती का? लिव्हा."

मास्तरांनी लिहिलं. यावेळी बीवी लिहिलं नाही. ठळक अक्षरात जौजे लिहिलं, त्याचाही अर्थ बायकोच, पण त्याचा दुसऱ्या कशाशीही घोळ होत नाही म्हणे. रजियाबीनं मोठ्यानं वाचलं, "गजराबाई, जौजे बब्रुवान," आणि चिठ्ठी वाळेपर्यंत पदरानं वारा घातला.

प्रेमाबाई जाता जाता बोललीच. "नाव घेतल्यानं मानूस येतंय व्हय?" पण दोन पावलं पुढं जाऊन ती परत वळली आणि गजराबाईला म्हणाली, "पंचमीला आधी माज्याकडं ये." ते मानानं म्हणाली, की पुढच्या पंचमीपर्यंत काय ते कळेल म्हणून म्हणाली, ते मला सांगता येत नाही.

गजराबाईचा तट्टा धाराशिवच्या नुमाईशीसाठी निवडला गेला. मास्तर सांगायला आले तेव्हा ती आमच्याच परड्यात जोत्याला पोतेरं घालत होती. तिनं एकच विचारलं, "तिथं बी चिठ्ठी लिवत्याल?"

"लिखेंगे. वहाँ दूसरे लोग होंगे."

"मग म्या संगं येते," ती म्हणाली. "लिवणाऱ्याच्या म्होरं म्या बसंन."

आमचे घरचे म्हणाले, बाई माणूस एकटं धाराशिवला कसं जाणार? मग रजियाबीच निघाली सोबतीला, तिची बहीण तिथं होती. बाजाराचा माल घेऊन एक गाडी जाणार होती, त्यात तट्टा गोधडीत गुंडाळून बांधला.

निघायच्या सकाळी माझी पूजा नुकतीच झाली होती. रोज शेवटी मी घरच्यांची, शेजाऱ्यांची नावं घेऊन त्यांना आयुष्य मागते, आणि गेलेल्यांची नावं घेऊन त्यांना शांती मागते. त्या दिवशी मी बब्रुवानापाशी अडले होते, म्हणून देवघरातच बसले होते. इतकी वर्षं मी त्याचं नाव कुणातच घेतलं नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं. गजराबाई दारात आली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"अक्का, एक इचारू?"

"विचार."

"त्या दिशी म्या जे बोलले, ते खोटं तर न्हवतं न्हवं?"

बाहेर गाडीवान ओरडत होता. रजियाबी त्याला दम देत होती. मी देवघरातला करंडा उचलला आणि तिच्यापुढं धरला.

तिनं बोट बुडवलं आणि कुंकू लावलं, रोजच्याइतकंच मोठं. मग माझ्या कपाळालाही लावलं आणि गाडीत जाऊन तट्ट्याला टेकून बसली. गाडी वळणाआड गेल्यावर मी परत देवघरात आले आणि बब्रुवानाचं नाव घेतलं. आयुष्य मागितलं. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा मागितलं.